तिसरा आग्रह

रविवारी सकाळी उपमा परतता परतता निनादने आपलं मत ठरवून टाकलं. ओट्यावर बशीएवढी एक पांढरी चकती होती. तिला त्याने विचारलं, "माझा क्रम निघाला का रे?" चकती म्हणाली, "निघाला," आणि फ्रिजच्या दारातल्या छोट्या छपाईयंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. तेरा उमेदवार, तेरा आकडे. निनादने ती न वाचताच दुमडून पाकिटात टाकली आणि उपम्यावर लिंबू पिळलं.

"वाचून तरी बघ," त्याची बायको हर्षदा म्हणाली.

"कशाला? माझ्यापेक्षा मला ते जास्त ओळखतं."

हर्षदाला याच गोष्टीचा राग यायचा. पण रागावून करणार काय, शनिवारी निवडणूक होती आणि तिची स्वतःची पाटी अजून कोरी होती. ऑस्ट्रेलियात मत देणं सक्तीचं, नाही दिलं तर दंड. बरं, एका नावापुढे खूण केली आणि सुटलो, असंही नाही. हिरव्या मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवारापुढे आकडा लिहायचा. जो सगळ्यांत पसंत त्याला एक, मग दोन, मग तीन, असं करत पार नावडत्यापर्यंत जायचं. मोजणीत ज्याला सर्वांत कमी मतं तो बाद होतो आणि त्याची मतं ज्याच्या त्याच्या पुढच्या पसंतीकडे जातात. शेवटी दोघे उरेपर्यंत हे चालतं. तेरा माणसांतून पहिला निवडणं एक वेळ जमतं. पण आठवा कोण आणि नववा कोण, हे ठरवताना चांगल्या चांगल्यांचा जीव मेटाकुटीला येतो. या खेपेला एकाला उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची पद्धत बंद करायची होती, एकीला कुत्र्यांसाठी वेगळा समुद्रकिनारा हवा होता, आणि उरलेल्यांपैकी निम्म्यांची पत्रकं नावं झाकली तर एकमेकांत मिसळून गेली असती.

लोकांच्या या वैतागावरच पसंतीवाचक निघाला होता. घरातला मदतनीस तसाही दिवसभर तुमचं ऐकत असतो, दूध मागवत असतो, मनगटावरच्या पट्टीकडून तुमची झोप आणि नाडी समजून घेत असतो. तुम्ही होकार दिलात की तो या वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळवून तुमचा एक नकाशा काढायचा. त्याला कंपनीने नाव दिलं होतं आचरण-आलेख. तुम्ही काय म्हणता त्याला कमी वजन, काय करता त्याला जास्त. मग तो नकाशा उमेदवारांच्या वचनांवर ठेवायचा आणि एक ते तेरा आकडे तुमच्या हातात द्यायचा. मतदान केंद्रात यंत्र न्यायला बंदी होती, म्हणून चिठ्ठी. बाकी देश कुठल्या कुठे गेला, तरी मत मात्र अजून कागदावर आणि पेन्सिलीनेच द्यायचं होतं.

"माझाही दे," हर्षदा शेवटी म्हणाली.

चिठ्ठी आली. तिने पहिली ओळ वाचली आणि चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"ही तुझी आहे," ती निनादला म्हणाली.

"माझी पाकिटात आहे. का? काय झालं?"

"यावर पहिला ग्रँट हॉलोवे आहे."

निनादच्या हातातला डाव तसाच राहिला. कारण हर्षदा म्हणजे मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या पालक समितीची चिटणीस. भारतातल्या म्हाताऱ्या आईवडलांना इथे कायमचं आणण्यासाठी जो व्हिसा लागतो, त्याची रांग इतकी लांब होती की अर्ज केलेले निम्मे लोक रांगेतच देवाघरी जात. हर्षदाची आई शैलजाताई शहात्तर वर्षांच्या, कराडला एकट्या राहणाऱ्या, आठ वर्षांपासून याच रांगेत होत्या. लुइसा टॅन नावाच्या उमेदवाराचं वचन होतं, की रांगेतल्या पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना वर्षभरात आत घेऊ. हॉलोवेचं वचन होतं, की ही रांगच रद्द करू. मागच्या वेळी इथला निकाल मंडळाच्या दिवाळीला जितकी माणसं येतात त्याहूनही कमी मतांनी लागला होता. टॅनबाईंसाठी हर्षदा दोन महिने टारनेट स्टेशनबाहेर थंडीत हात चोळत उभी होती, पत्रकं वाटत होती, ओळखीच्यांना गाठून सह्या घेत होती.

निनादने पाकिटातली आपली चिठ्ठी काढून पाहिली आणि पटकन परत ठेवली.

"दाखव."

"अगं, जाऊ दे ना."

"निनाद, दाखव."

त्याच्या चिठ्ठीवर पहिली लुइसा टॅन होती. जावयाला सासू हवी आणि लेकीला नको, असा त्या बशीएवढ्या यंत्राचा निकाल होता.

"हे चुकलंय," हर्षदा चकतीकडे वळून म्हणाली. "परत काढ."

"क्रम दोनदा तपासला आहे," चकती म्हणाली. तिचं मराठी स्वच्छ होतं, आकाशवाणीच्या बातम्यांसारखं. "तुमचं बोलणं आणि तुमचं आचरण यांत सर्वांत मोठं अंतर पालक-व्हिसाच्या प्रश्नावर आहे. कारणं सांगू का?"

"सांग."

"आईंसाठी ठेवलेली खोली तीन वर्षांपूर्वी तुम्ही कामाची खोली केली. व्हिसासाठी लागणाऱ्या त्यांच्या वैद्यकीय तपासणीची वेळ तुम्ही तीनदा पुढे ढकलली. त्या मागच्या वेळी सहा महिने राहून परत गेल्या, त्यानंतरच्या आठवड्यात तुम्हाला जी झोप लागली तितकी शांत झोप माझ्या नोंदीत दुसरी नाही. आणि येण्याबद्दल विचारलं की आई नको म्हणतात. तुम्ही बरं म्हणता आणि गुडघ्यांचा विषय काढता. या प्रश्नावर तुम्हा दोघींची पसंती एकच दिसते."

हर्षदाने उपम्याची ताटली पुढे ओढली, दोन घास घेतले आणि परत सरकवली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चिडली की तिला आधी तिथे ऊन लागल्यासारखं व्हायचं.

"झोपेवरून माणूस नको असं ठरतं का?" निनाद चकतीला म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "ईरा पहिल्यांदा पाळणाघरात गेली त्या दिवशी तू सकाळी जी झोपलीस ती संध्याकाळी उठलीस. म्हणजे काय पोरगी नको होती तुला?"

ते खरं होतं. पण खोलीचंही खरं होतं, आणि तपासणीचंही. शैलजाताई सहा महिने राहिल्या तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा हलवला होता, हर्षदा कामावरून आली की दारातच विचारायच्या, इतका उशीर का. त्यात वाईट काहीच नव्हतं. तरी दर शुक्रवारी हर्षदा घराच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून उगाच पाच-दहा मिनिटं बसून राहायची आणि मग घरात यायची. हे निनादलाही माहीत नव्हतं. गाडीला मात्र माहीत होतं, आणि गाडी चकतीशी बोलायची.

सोमवारी ती कामावर गेली तरी ते डोक्यातून जाईना. हर्षदा कानांची तपासणी करायची. बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानात बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं आणि त्यावरून ऐकण्याचा आलेख काढायचा. येणारा जवळपास प्रत्येक म्हातारा म्हणायचा, मला सगळं ऐकू येतं, बायकोच पुटपुटते. मग हर्षदा आलेख त्याच्यासमोर ठेवायची आणि गोड बोलून सांगायची, की तुमचं तुम्हाला कळत नाही, पण इथे दिसतं. हे वाक्य तिने इतक्या जणांना ऐकवलं होतं की आता ते आपोआप तोंडात यायचं.

त्या दिवशी डेस नावाचे आजोबा श्रवणयंत्र जुळवून घ्यायला आले. महिन्यापूर्वी हेच डेस तिच्याशी अर्धा तास भांडले होते. आता त्यांना चिमण्या ऐकू येत होत्या, त्यामुळे ते खूश होते.

"तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले. "मी उगाच हुज्जत घातली. तुमच्या कागदावर होतं ते खरं होतं."

नेहमी हर्षदा अशा वेळी हसून मान डोलवायची. त्या दिवशी ती नुसतं श्रवणयंत्र पुसत राहिली.

बुधवारी ती तडक कंपनीच्या लोकांकडे गेली. मोठ्या बाजारसंकुलात, सरकत्या जिन्याखाली त्यांनी निवडणुकीपुरता मदतकट्टा मांडला होता. तिथे ब्रॉनविन नावाची मुलगी बसली होती, विशीतली, कंटाळलेली, पण बोलायला नीट. हर्षदाने इंग्रजीत सगळं सांगितलं आणि शेवटी जरा चढ्या आवाजात म्हणाली, "तुमच्या यंत्राला आमची माणसं कळत नाहीत. माझी आई नको म्हणते म्हणजे तिला नको असतं असं नाही."

"म्हणजे?"

"आमच्यात कुणी पहिल्या खेपेला हो म्हणत नाही. वाढायला गेलं की नको म्हणायचं, परत म्हटलं की पुरे म्हणायचं. तिसऱ्यांदा वाढलं की खायचं. त्याला आम्ही आग्रह म्हणतो. न मागता मिळालं की ते मनापासून मिळालं, असं असतं ते. पाहुणा नको म्हणाला आणि तुम्ही लगेच भांडं उचललंत, तर तो उपाशी उठतो आणि शिवाय आयुष्यभर नाव ठेवतो."

ब्रॉनविनने हे लक्ष देऊन ऐकलं. तिने समोरच्या पडद्यावर काही टिपलं आणि म्हणाली, "हे महत्त्वाचं आहे. म्हणजे तुमच्या आईंची नुसती 'नको' ही नोंद आम्ही नकार म्हणून धरायला नको होती. मी कळवते वर. तुमच्या आईंचा कल आम्ही चुकीचा वाचला असणार."

"तेच म्हणतेय मी."

"मग तुम्ही त्यांना तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या काय म्हणाल्या?"

सरकत्या जिन्यावरून एक बाई खरेदीच्या पिशव्या सांभाळत खाली आली, बाजूने निघूनही गेली. ब्रॉनविन खवचटपणाने विचारत नव्हती. ती माहिती भरत होती आणि पुढचा रकाना रिकामा होता.

"तिसऱ्यांदा विचारलं नाही," हर्षदा म्हणाली.

"दुसऱ्यांदा?"

"नाही."

"बरं," ब्रॉनविन म्हणाली आणि तिने तेही टिपलं.

घरी जाताना हर्षदा सगळ्यांवर चिडलेली होती. त्या पोरीवर, चकतीवर, टॅनबाईंवर. टॅनबाईंनी आदल्याच दिवशी भाषणात पालक-व्हिसाचा मुद्दा सातव्या क्रमांकावर ढकलला होता. ती हॉलोवेवर चिडली. त्याने म्हाताऱ्यांना देशावरचं ओझं म्हटलं होतं, आणि म्हणताना तो स्वतःच्या आईला शेजारी घेऊन उभा होता. आणि ती आईवर चिडली, की ही बाई एकदा तरी सरळ बोलली असती, ये म्हणालीस तर येते, तर एवढं रामायण झालंच नसतं. स्वतःवर चिडायची पाळी सगळ्यांत शेवटी आली, सिग्नलला थांबल्यावर, आणि ती घरी पोचेपर्यंत टिकली. त्या रात्री समितीच्या गटावर बाकीच्या बायका विचारत होत्या, शनिवारी केंद्राबाहेर कोण कोण उभं राहणार, आणि हर्षदाने पहिल्यांदाच आपलं नाव लिहिलं नाही.

शुक्रवारी तिने अर्धी सुट्टी घेतली. इथे दुपारचा एक म्हणजे कराडात साडेआठ, आईचा दुसरा चहा झालेला असतो. निनाद कामावर होता, ईरा शाळेत. हर्षदाने फोन ओट्यावर उभा केला. चकती शेजारीच होती. ती बंद करावी असं तिच्या मनात आलं, पण केली नाही. तिला वाटलं, ऐकू दे, एकदा काय ते ऐकू दे.

पडद्यावर आधी छताचा पंखा दिसला, मग शैलजाताईंचं कपाळ, मग सगळा चेहरा.

"काय गं, या वेळेला? बरी आहेस ना?"

"बरी आहे. आई, तू इकडे ये. कायमची."

"मला कशाला आता तिकडं? तुमचं तुमचं बरं चाललंय."

या ठिकाणी हर्षदा नेहमी बरं म्हणायची. आजही तो शब्द जिभेवर तयार होता, रोजच्या वाटेने पाय आपसूक वळतात तसा. तिने तो गिळला.

"नाही, ये तू."

"अगं, माझं सगळं इथं आहे. भिशी आहे, गुरुवारचं भजन आहे. तिकडं मला काय करमायचंय?"

"भिशी इकडेही आहे. आणि भजनं तर आहेतच, तुझ्याहून बेसूर बायका आहेत."

शैलजाताई हसल्या. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "नको गं बाई. थंडी किती तुमच्याकडं. माझे पाय रातभर गार असतात."

आता तिसऱ्यांदा. हर्षदाने तोंड उघडलं आणि तिला आठवलं ते कोपऱ्यावर थांबलेल्या गाडीतलं बसून राहणं, काचेवरचं धुकं, आणि घरात जायला उचलत नसलेला आपला पाय. मग ती म्हणाली, "आई, ये."

शैलजाताईंनी चष्मा परत लावला आणि कडेला कुठेतरी पाहिलं.

"ती गादी मिळती म्हणं तिकडं," त्या म्हणाल्या. "गरम होणारी. शोभाची लेक सांगत होती. ती अंगाखाली घ्यायची असती का अंगावर?"

आईने गादीची चौकशी केली होती. आजची नाही, कधीची तरी, शोभामावशीच्या मुलीला धरून बसवून. भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन झोपलेली आई तिला दिसली.

"अंगाखाली," ती म्हणाली. "चादरीच्या खाली घालायची."

"आणि शॉक नाही ना लागत?"

"नाही लागत."

"मग बघ बाई. तुम्हाला अडचण नसंल तर." एवढं बोलून शैलजाताईंनी घाईघाईने शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचा विषय काढला आणि पुढची वीस मिनिटं तोच चालवला. हर्षदा हं हं करत राहिली. आई इतकी मोकळी बोलल्याचं तिला कितीतरी दिवसांत आठवत नव्हतं. ते ऐकताना तिला बरं वाटत होतं, खरंच बरं वाटत होतं. आणि त्या बऱ्या वाटण्याच्या तळाशी एक जड खडा होता, तोही तिला स्वच्छ जाणवत होता.

फोन ठेवल्यावर चकतीवर निळा ठिपका लागला.

"नव्या माहितीवरून क्रम पुन्हा काढला आहे," ती म्हणाली. "तुमच्या आईंच्या पसंतीबद्दलचा माझा अंदाज चुकला होता. तो दुरुस्त केला. त्यांना यायचं आहे."

"ऐकलंस ना? मग?"

"तुमच्या क्रमात बदल नाही."

"मी तीनदा ये म्हणाले. तीनदा."

"हो. तिसऱ्यांदा म्हणण्याआधी तुम्ही थांबलात."

हर्षदाने चकती उचलली, तांदळाचा डबा उघडला, चकती तांदळात खुपसली आणि झाकण घट्ट लावलं. आतून चकती अदबीने काहीतरी म्हणत होती, पण शब्द कळत नव्हते. संध्याकाळी निनादने मदतनीस कुठे गेला म्हणून शोधाशोध केली, तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. गाडीतल्या बसण्याचंही सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं.

"मग उद्या काय करणारेस?" त्याने विचारलं.

"माहीत नाही मला. तू विचारू नकोस."

शनिवारी ढग होते आणि वारं बोचरं होतं. मतदान जवळच्या प्राथमिक शाळेत होतं. फाटकाबाहेर पालक संघाने तव्यावर सॉसेज आणि कांदा परतायला घेतला होता, त्याचा वास रांगेच्या टोकापर्यंत येत होता. मत दिल्यावर पावाच्या घडीत कांदा-सॉसेज खायचं, हा इथला रिवाज. निनाद मताइतकाच त्यासाठीही यायचा. सगळ्या पक्षांचे लोक आपापल्या रंगाच्या टोप्या घालून आपापला क्रम छापलेली कार्डं हातात कोंबत होते. समितीच्या दोघी टॅनबाईंची कार्डं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हर्षदाला पाहून हात केला आणि ती उशिरा का आली असं न विचारता, तिच्या हातात न मागता एक कार्ड दिलं. दोन पावलांवर हॉलोवेची निळी टोपी घालून डेसआजोबा उभे होते.

"डॉक्टर," त्यांनी हाक मारली. ती डॉक्टर नव्हती, पण ते तसंच म्हणायचे. "घ्या एक. नंतर फेकून द्या हवं तर. पण घ्या."

तिने कार्ड घेतलं.

"मला वाटलं होतं तुम्ही घेणार नाही," ते म्हणाले.

"तुम्ही का देता हॉलोवेला?"

डेसनी खांदे उडवले. "माझी आई माझ्याकडे नऊ वर्षं होती. शेवटची नऊ. मी कुणाला सांगत नाही ते कसं होतं. दुसऱ्या कुणावर ते लादलं जाऊ नये असं वाटतं मला." मग जरा थांबून म्हणाले, "आता ती नाही, तर रोज सकाळी तिच्या खोलीचं दार उघडून बघतो. तो पसंतीवाचक यातलं कुठलं खरं धरेल?"

रांग पुढे सरकली.

आत टेबलामागच्या बाईंनी नाव विचारलं, पत्ता विचारला, या निवडणुकीत आधी मत दिलंय का तेही विचारलं, आणि हिरवी मतपत्रिका हातात दिली. दुसरी, वरच्या सभागृहाची पांढरी मतपत्रिका टेबलावर अंथरावी इतकी लांब होती. तिच्याकडे हर्षदाने आधी लक्ष दिलं, कारण ती सोपी होती, तिच्यावर पहिले सहा आकडे पुरत. मग हिरवी समोर घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल होती, बोथट. मतपत्रिकेच्या एका बाजूला समितीचं कार्ड, दुसऱ्या बाजूला चकतीची चिठ्ठी. एकावर ती जे बोलत आली ते होतं, दुसऱ्यावर ती जे करत आली ते. शेजारच्या आडोशात कुणीतरी आकडे लिहिताना पुटपुटत होतं.

तिला चीड आली, नेमकी कुणाची ते सांगता आलं नसतं. दवाखान्यात ती लोकांना सांगायची, तुमचं तुम्हाला कळत नाही. पण आलेख पाहून कुणी बहिरं राहायचं ठरवत नाही. आलेख पाहतात, शिव्या देतात आणि श्रवणयंत्र लावतात. आपण अशा आहोत, हे चकतीने बरोबर सांगितलं असेल. पण अशाच राहा, हे तिला कुणी सांगायला सांगितलं? आणि कराडात एका बाईचे पाय रात्रभर गार असतात, या गोष्टीला त्या नकाशात जागाच कुठे होती?

तिने लुइसा टॅनपुढे एक लिहिला. जरा जोर देऊन लिहिला, त्यामुळे पेन्सिलीचं टोक दबलं.

मग तिचा हात थांबला. समितीच्या कार्डावर हॉलोवे तेरावा होता. तिथे तेरा लिहायला काही लागत नव्हतं. पण तसं लिहिणं म्हणजे परत स्टेशनबाहेर पत्रकं वाटतानाचंच बोलणं झालं असतं, आणि त्याचा तिला आता वीट आला होता. तिने ग्रँट हॉलोवेपुढे दोन लिहिला. शेवटच्या मोजणीत टॅन आणि हॉलोवे हेच दोघे उरणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिचं मत टॅनपाशीच राहणार होतं. तो दोन मोजायची वेळच यायची नव्हती, पण तो तिथे होता, आणि तो खरा होता. उरलेले आकडे तिने भराभर लिहिले. कुत्र्यांच्या किनाऱ्याला तिसरा क्रमांक मिळाला.

बाहेर निनाद पावाच्या दोन घड्या घेऊन उभा होता. तिच्या घडीत नुसता कांदा होता, सॉसेज नाही. ती मांस खायची नाही आणि त्याला ते सांगावं लागत नसे. त्याने कुणाला मत दिलंस असं विचारलं नाही. दोघं कुंपणाला टेकून खात होती तेव्हा तिचा फोन थरथरला. आईचा आवाजी निरोप होता. हर्षदाने फोन कानाला लावला.

"हर्षे, त्या गादीचं मी विचारलं ते ध्यानात ठेवू नकोस. माझ्याकडं लोकरीचे मोजे आहेत." मागे कुकरची शिट्टी झाली, ती होईपर्यंत शैलजाताई थांबल्या. "आणि दुसरं म्हंजे, तुझं ते कामाचं टेबल आहे त्या खोलीत, ते काही हलवू बिलवू नका माझ्यासाठी. मी आपली हॉलमधी एका कडंला पडीन. मला कुठंबी चालतंय. पडू ना गं हॉलमधी?"

"काय म्हणतात?" निनादने विचारलं.

हर्षदाने त्याला हाताने थांब म्हटलं. लेकीने याला काय म्हणायचं असतं ते तिला ठाऊक होतं, आणि ते चटकन म्हणायचं असतं हेही. घरी टेबलावर तिचे दोन पडदे होते, खुर्चीवर शाल होती, दाराला आतून कडी होती. तिने उत्तर द्यायला फोनवर बोट दाबलं. पडद्यावर सेकंद धावू लागले. चकती घरी तांदळात होती, इथलं थांबणं मोजायला कुणीच नव्हतं. मग ते सेकंद तिला इतके मोठ्याने का ऐकू येत होते?